हापूसच्या पल्पच्या दोन बॅच डोळ्याला सारख्या दिसतात, पण कलरीमीटर (रंग मोजायचं यंत्र) डेल्टा ई, म्हणजे दोन रंगांमधला फरक, ४ दाखवतो. खरं कोणाचं?

दोघांचंही असू शकतं. आधी मोजणी तपासा. पल्प अर्धपारदर्शक असतो. मीटरचं छिद्र लहान असेल तर आत शिरलेला प्रकाश बाजूला निसटतो आणि रंग गडद नोंदला जातो. मोठं छिद्र वापरा, काचेच्या कपात दोन्ही बॅचचा थर सारखाच ठेवा. बुडबुडे जाऊ द्या, नाहीतर एल (उजळपणाचा आकडा) उगाच वाढतो. एसीतला कप बाहेर काढला की आपल्या दमट हवेत काचेवर लगेच बाष्प धरतं, ते पुसा. कप फिरवून तीन रीडिंग, मग सरासरी.

तरी ४ च येतोय? मग सूत्र बघा. डेल्टा ई काढायचं १९७६ चं सूत्र भडक पिवळ्यातला फरक फुगवतं. क्रोमा (रंगाचा भडकपणा) ७० च्या आसपास आणि फरक फक्त क्रोमातला असेल, तर डेल्टा ई २००० या नंतरच्या सूत्रात तोच ४ जेमतेम १ भरतो. डोळा बरोबरच सांगत होता! फरक ह्यूमधला (रंगछटेतला) असेल तर मात्र आकडा एवढा उतरत नाही. तेव्हा डोळ्याने पुन्हा बघा, पण डी६५ (दिवसाच्या उजेडासारख्या) दिव्याखाली, राखाडी पार्श्वभूमीवर. पडवीत जांभ्याच्या भिंतीशेजारी नको, तिची लाली पल्पवर पडते.