बारा वर्षं उभी असलेली १९७० ची एमजीबी चालू करायची आहे. इंजिन उतरवण्यापासून सुरुवात करू का?

नको. इंजिनाला इतक्यात हात लावू नका.

तुम्ही लिहिलंय की गाडी १९७० ची एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आहे, बर्मिंगहॅममधल्या एका गॅरेजात बारा वर्षं झाकून उभी होती, पत्रा बऱ्यापैकी आहे, आणि या हिवाळ्यात इंजिन-गिअरबॉक्स खाली घेऊन सगळं नव्यासारखं करायचा तुमचा विचार आहे. मी कॉव्हेंट्रीजवळ राहतो, पोट मशिनशॉपवर चालतं आणि याच काळातली एमजीबी माझ्याकडे आहे. इकडे स्वस्तात विकायला निघालेल्या एमजीबींच्या जाहिराती जरा चाळा. इंजिन बाहेर, सुटे भाग खोक्यांत, वेळ नसल्यामुळे विकणे आहे. सगळं एकदम खोललं की असंच होतं. त्यापेक्षा गाडी आधी थांबेल अशी करा, मग चालू करा, मग मापं घ्या. काय खोलायचं आणि काय नाही, हे मापं बघितल्यावर कळतं.

इंजिनाची एवढी धास्ती घ्यायचं कारणही नाही. हे १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन आपल्या ॲम्बॅसॅडरमध्ये वर्षानुवर्षं चाललेल्या १४८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनाचा सख्खा भाऊ आहे. बिडाचा ब्लॉक, बिडाचंच हेड, पुशरॉड. १९६४ पर्यंतच्या एमजीबीत क्रँकला तीन मेन बेअरिंग होती, तुमच्या गाडीत पाच आहेत. पुण्या-मुंबईतल्या जुन्या ॲम्बॅसॅडरवाल्या मिस्त्र्याला या बोनेटखाली उभं केलंत तर दोन कार्बोरेटर सोडून त्याला नवं काही दिसणार नाही.

पहिलं काम ब्रेकचं. ब्रिटनमध्ये विकलेल्या त्या काळच्या एमजीबीला ब्रेकचं सर्किट एकच आहे. एक होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला, आणि मग हाती फक्त हँडब्रेक. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. बारा वर्षांत त्या पाण्याने सिलिंडर आतून गंजून खड्डे पडलेले असतात. रबरी होज बाहेरून चांगले दिसतात पण आतून फुगतात. मग पाय काढला तरी कॅलिपर सुटत नाही. पुढचे दोन, मागच्या ॲक्सलवरचा एक, असे तिन्ही होज न बघता बदला. मास्टर सिलिंडर आणि मागचे व्हील सिलिंडर नवे घाला, किट घालून वाचवायच्या भानगडीत पडू नका. मागचा व्हील सिलिंडर बॅकप्लेटला एका सर्क्लिपने (स्प्रिंगसारख्या तुटक कडीने) अडकवलेला असतो. ती सर्क्लिप बसवताना भल्याभल्यांच्या तोंडी शिव्या येतात. घाई न करता, सिलिंडर समोरून लाकडाच्या ठोकळ्याने दाबून धरून बसवा. मागच्या बाजूला चौकोनी डोक्याचा ॲडजस्टर आहे. तो जाम असणारच. त्याला साधा पान्हा लावलात तर कोपरे गोल होतील. त्यासाठी चौकोनी खाचेचा वेगळा ब्रेक-पान्हा मिळतो, तो घ्या. ड्रममधली जुनी धूळ मात्र हवेने उडवू नका. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

ब्रेकची हवा काढून पेडल घट्ट लागलं की इंजिनाकडे वळा. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा आणि एक-दोन दिवस तसंच राहू द्या. मग गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हाताने पुढे-मागे ढकला. इंजिन फिरतंय असं दिसलं की ऑइल आणि फिल्टर बदला, आणि प्लग न लावताच सेल्फ मारून ऑइलच्या दाबाचा काटा वर येतो का ते पाहा. काटा वर आल्याशिवाय स्पार्क द्यायचा नाही. ऑइल २०डब्ल्यू-५० घ्या, पण जुन्या गाड्यांसाठी म्हणून विकतात ते, झिंकचं प्रमाण जास्त असलेलं. या इंजिनाचे टॅपेट सपाट तळाचे असून कॅमवर घासत चालतात. आजच्या गाड्यांच्या ऑइलमध्ये झिंक कमी केलेलं असतं. इंजिन तापल्यावर चालत्या गाडीत ५० ते ८० पीएसआय दाब मिळाला तर खालच्या बेअरिंगना हात लावायचं कारण उरत नाही. त्यानंतर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजा. चारही आकडे एकमेकांच्या जवळपास असतील तर तुमचा अख्खा हिवाळा वाचला समजा.

गिअरबॉक्समध्येही हेच २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल जातं. ओव्हरड्राइव्ह असेल तर तेही त्याच ऑइलवर चालतं. गिअर ऑइल फक्त मागच्या ॲक्सलला, तिथे ९० नंबर.

आता इग्निशन. कार्बोरेटरचे बहुतेक बिघाड डिस्ट्रिब्युटरमध्ये (प्लगना स्पार्क वाटणाऱ्या भागात) सापडतात, असं इकडचे जुने मेकॅनिक म्हणतात, आणि ते अगदी खरं आहे. त्यामुळे कार्बोरेटरच्या स्क्रूला हात लावण्याआधी तीन गोष्टी उरका: टॅपेट, पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले उघडझाप करणारे संपर्क), टायमिंग (स्पार्कची वेळ). टॅपेटचा गॅप १५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे साधारण ०.३८ मिमी. कुठला वॉल्व्ह कधी सेट करायचा यासाठी नऊचा हिशेब लक्षात ठेवा. पहिला वॉल्व्ह पूर्ण उघडा असताना आठवा सेट करायचा, दुसरा उघडा असताना सातवा, तिसऱ्याला सहावा. बेरीज नेहमी नऊ. पॉइंटचा गॅप १४ ते १६ थाऊ, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. कंडेन्सर आणि रोटर आर्मच्या बाबतीत मात्र नवं ते चांगलं असं मुळीच धरून चालू नका. बाजारात हलके भाग खूप आहेत. रोटर आर्मवरची पितळी पट्टी रिव्हेटने ठोकलेली असेल तर त्या रिव्हेटमधून स्पार्क खालच्या शाफ्टला उतरतो आणि गाडी गरम झाली की बंद पडते. रिव्हेट नसलेला रोटर मागून घ्या. जुने निघालेले भाग चालत असतील तर फेकू नका, डिकीत ठेवा.

लुकास या ब्रिटिश कंपनीच्या वायरिंगवरचे विनोद या देशात इतके आहेत की पहिल्यांदाच जुनी गाडी घेणारा वायरिंगचं नाव काढलं तरी घाबरतो. मला तरी बहुतेक वेळा दोष अर्थिंगमध्येच सापडलाय. इंजिनापासून बॉडीला जाणारी जाड पट्टी तपासा. ती तुटलेली किंवा गंजलेली असेल तर सेल्फचा करंट चोक आणि ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो, आणि केबल हाताला चटका लागण्याइतकी तापते. बॅटऱ्या सीटच्या मागे खाली आहेत, सहा-सहा व्होल्टच्या दोन. त्यांच्या खालचा पत्रा बघायला विसरू नका.

पेट्रोलची टाकी डिकीखाली आहे आणि ती वरच्या बाजूने गंजते, कारण टाकी आणि पत्रा यांच्यामध्ये चिखल साचून राहतो. जुनं पेट्रोल काढून टाका. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई-१० झालंय, म्हणजे त्यात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि ते जुन्या रबराला खातं. सगळे फ्युएल होज आर-९ दर्जाचे घाला आणि शक्यतो ई-५ वालं महागडं पेट्रोल भरा. शिशाचं पेट्रोल इकडे १९९९ संपताना बंद झालं. ते शिसं एक्झॉस्ट वॉल्व्ह जिथे टेकतात त्या सीटना झिजू देत नसे. तुमच्या हेडला नंतर कुणी कडक एक्झॉस्ट सीट बसवल्या आहेत का हे बाहेरून कळणार नाही. दर काही महिन्यांनी टॅपेटचा गॅप मोजा. एक्झॉस्टचा गॅप आपोआप कमी होत चालला असेल तर सीट आत बसतेय, आणि तेव्हा हेड उतरवायचं. तोवर नाही.

एसयू कंपनीचा विजेवर चालणारा फ्युएल पंप मागच्या उजव्या बाजूला आहे. चावी फिरवली की तो टिकटिक करतो आणि कार्बोरेटर भरले की थांबतो. टिकटिक थांबतच नसेल तर टाकी रिकामी आहे किंवा कुठून तरी हवा ओढतोय. आवाजच येत नसेल तर आतले पॉइंट चिकटलेत. पान्ह्याने हलकी टिचकी मारली तर बहुधा सुरू होतो, आणि हा इलाज तुम्हाला इथला प्रत्येक एमजीवाला सांगेल. तेवढ्यावर भागवू नका, पॉइंट साफ करा.

आता ज्याची सगळे धास्ती घेतात ते दोन एसयू एचएस-४ कार्बोरेटर. मला विचाराल तर या गाडीतला सगळ्यात सरळ भाग हाच. आत एक पिस्टन, त्याला लटकलेली निमुळती सुई, खाली जेट, म्हणजे पेट्रोल येण्याचं भोक. हवा जास्त लागली की पिस्टन उचलतो, सुई वर सरकते, पेट्रोलची वाट रुंद होते. (एसयू काढणाऱ्या स्किनर बंधूंचं घराणं चपला-बुटांच्या धंद्यातलं, म्हणून पहिल्या एसयूमध्ये पिस्टनच्या जागी चामड्याचा भाता होता.) एअर फिल्टर काढून पिस्टन बोटाने उचला आणि सोडा. ‘टक’ असा स्वच्छ आवाज आला पाहिजे. नाही आला तर सुई जेटला घासतेय, म्हणजे जेट मध्यावर आणायचं. पिस्टन आणि वरची टोपी यांची जोडी कारखान्यातच जुळवलेली असते. दोन्ही कार्बोरेटर एकदम उघडून या टोपीचा पिस्टन त्या टोपीत जाऊ देऊ नका, आणि पॉलिश पेपर तर आत अजिबात नको, पेट्रोलचं फडकं पुरे.

सेटिंगची सुरुवात अशी: जेट वरच्या कडेशी समपातळीला आणायचं, मग खालचा षटकोनी नट बारा बाजू खाली, म्हणजे दोन पूर्ण फेरे. इंजिन चांगलं तापवा. दोन्हींच्या तोंडाशी नळीचा एक तुकडा धरून कानाने ऐका आणि हवेचा आवाज सारखा करून घ्या. मग पिस्टन उचलायची जी छोटी पिन असते ती अगदी किंचित, मिलिमीटरभर वर करा. इंजिनाचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला तर मिक्स्चर रिच (पेट्रोल जास्त) आहे, नट वर घ्या. इंजिन गचके देत बसायला लागलं तर लीन (पेट्रोल कमी), नट खाली. क्षणभर वाढून पुन्हा पूर्वीवर आलं तर बरोबर. एका वेळी एकच बाजू फिरवा आणि दोन्ही कार्बोरेटरना सारखीच. थ्रॉटलच्या स्पिंडलची भोकं झिजली असतील तर तिथून हवा घुसते आणि कितीही सेटिंग केलं तरी आयडल स्थिर राहत नाही. स्पिंडल हाताने हलवून पाहा. खुळखुळत असेल तर बॉडी मशिनशॉपला देऊन नवी बुशिंग बसवा.

पुढच्या सस्पेन्शनमध्ये किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या उभ्या पिना) आहेत, प्रत्येक बाजूला तीन ग्रीस निपल. एमजीबीचे किंगपिन मरतात ते फक्त कुणी ग्रीस न दिल्यामुळे. चाक उचलून वर-खाली धरून हलवा. ढिलाई जाणवली तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा. ढिलाई गेली तर व्हील बेअरिंग, राहिली तर किंगपिन. ग्रीस चाक उचललेलं असतानाच द्या, नाहीतर वजन पडलेल्या जागी ते पोचत नाही. उद्या हौस वाढून ट्रायम्फ स्पिटफायर घेतलीत तर तिथे उलटं आहे. तिच्या खालच्या ट्रनियनला (चाक वळताना फिरणाऱ्या आट्यांच्या सांध्याला) ग्रीस नाही, ९० नंबरचं ऑइल द्यायचं. ग्रीस दिलं तर आटे कोरडे राहून गंजतात आणि चाक वळवताना लिंक तुटते. आपल्याकडच्या स्टँडर्ड हेराल्डचं पुढचं सस्पेन्शनही त्याच घराण्यातलं होतं.

क्लच घसरत नसेल तर सोडून द्या, कारण तो बदलायला खरोखरच इंजिन बाहेर काढावं लागतं. याचं रिलीज बेअरिंग गोळ्यांचं नसून कार्बनची कडी आहे. सिग्नलला क्लच दाबून उभं राहायची सवय असेल तर ती लगेच मोडा, न्यूट्रल करा.

रेडिएटरचं पाणी काढताना ब्लॉकच्या मागच्या उजव्या अंगाचा नळही उघडा. पाणी आलं नाही तर तार घालून खरवडा. गाळ तिथेच, चौथ्या सिलिंडरपाशी बसतो आणि गाडी घाटात तापते.

चाळीस वर्षांवरच्या, फारसा बदल न केलेल्या गाडीला २०१८ पासून एमओटीची (ब्रिटनमधल्या गाडीच्या वार्षिक तपासणीची) सक्ती नाही. तरी पहिल्या खेपेला पैसे भरून करून घ्याच. दुसऱ्या कुणीतरी खालून बघितलेलं बरं.

सुटे भाग मागवण्याआधी चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही लिहून घ्या. तुमची गाडी जीएचएन-५ ने सुरू होणारी असायला हवी आणि इंजिन १८जीजी. इंजिनावर १८व्ही दिसलं तर ते नंतरच्या गाडीतून आलंय. अशा वेळी इंजिनाचे भाग गाडीच्या वर्षावरून मागवले तर परत पाठवावे लागतील. तारेची चाकं आहेत का तेही कळवा, कारण त्यांचे हब डावे-उजवे वेगळ्या आट्यांचे असतात, आणि मागे कुणी ते अदलाबदल करून बसवले असतील तर चाकाचा नट चालत्या गाडीत सुटतो.