एर्नेस्टो होस्ट: २००२ चं विजेतेपद आणि त्याचं कोचिंग

तुमचे प्रश्न दोन: डच किकबॉक्सर एर्नेस्टो होस्टला २००२ चं के-वन (जपानमधली किकबॉक्सिंगची मोठी स्पर्धा) विजेतेपद नशिबानं मिळालं का, आणि निवृत्तीनंतर कोच म्हणून त्याला एवढा मान का?

पहिल्याचं आधी. नशीब होतंच. बॉब सॅप हा अमेरिकन फुटबॉलमधून आलेला, दीडशे किलोंहून जड गडी. त्यानं होस्टला ऑक्टोबरमध्ये, पात्रतेच्या लढतीत हरवलं. पुढे दुसरा लढवय्या सेमी स्खिल्ट जखमी झाला म्हणून होस्टला डिसेंबरमध्ये टोकियो डोम स्टेडियममधल्या अंतिम टप्प्यात जागा मिळाली, तर समोर पुन्हा सॅप आणि पुन्हा हार. पण सॅपचा हात मोडला आणि पुढच्या फेरीत त्याच्या जागी होस्टला परत बोलावलं. इथवर नशीब. सॅपचा मार खाल्लेल्या अंगानं, सदतिसाव्या वर्षी, त्याच रात्री त्यानं रे सेफो आणि जेरोम ले बॅनर यांना हरवलं. ले बॅनरचा तर हातच होस्टच्या किकनी मोडला. त्याआधी १९९७ ला अँडी हूग, १९९९ ला मिर्को क्रो कॉप आणि २००० ला सेफो यांना फायनलमध्ये हरवून तो तीनदा जिंकला होता. चार विजेतेपदांपर्यंत पोचलेला तो पहिला. त्याच्या नावापुढे शंकेची फुली मारावी असं यात मला काहीच दिसत नाही.

दुसरा प्रश्न मला जास्त जवळचा आहे.

होस्ट नेदरलँड्समधल्या होर्नचा, सुरिनामी वंशाचा, आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या वोस जिममध्ये योहान वोस यांच्या हाताखाली घडला. डच किकबॉक्सिंगचं मूळ जपानमध्ये आहे. यान प्लास हे डच प्रशिक्षक तिकडे केंजी कुरोसाकी या गुरूंकडे शिकले आणि १९७८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला त्यांनी मेजिरो जिम काढली. क्योकुशिन कराटेचा कणखरपणा, बॉक्सिंगचे हात आणि थाई लो किक (मांडीवर मारायची लाथ) यांची सांगड डच लोकांनी घातली. होस्टच्या खेळात ती सर्वात स्वच्छ दिसते. तो मूळचा लाइट हेवीवेट, त्यामुळे के-वनमध्ये समोरचा बहुतेक वेळा त्याच्याहून जड असायचा. ताकदीवर भागणार नव्हतं, म्हणून प्रत्येक फटक्याला कारण लागायचं.

त्याचं ठरलेलं हत्यार घ्या: डावा हुक (बाजूनं वळवून मारलेला ठोसा) आणि लगेच उजवी लो किक. हुक अडवताना समोरच्याचे हात वर जातात, अंग त्याच्या डाव्या बाजूला कलतं आणि वजन पुढच्या पायावर येतं. वजन असलेला पाय उचलून किक अडवता येत नाही. नेमक्या त्याच क्षणी मांडीवर किक बसते. हुकमुळे मारणाऱ्याची कंबरही आधीच वळलेली असते, किकला वेगळा जोर काढावा लागत नाही. एका रात्रीत तीन लढती खेळायच्या तर असा स्वस्तातला फटका सोन्यासारखा.

हे शिकवता येतं, आणि इथेच त्याचं कोचिंग उभं आहे. के-वनमधल्याच पीटर आर्ट्सची उंची किंवा सॅपचं वजन कुणी कुणाला देऊ शकत नाही. वजन कुठून कुठे गेलं, हे मात्र समजावता येतं. २००५ मध्ये क्रो कॉपशी लढण्याआधी रशियन एमएमए (मिश्र मार्शल आर्ट) लढवय्या फेडोर एमेलियानेंको नेदरलँड्सला होस्टकडे स्ट्राइकिंगच्या, म्हणजे ठोसे-लाथांच्या सरावाला गेला आणि ती लढत तो जिंकला. ज्यानं क्रो कॉपला स्वतः हरवलंय त्याच्याकडेच जायचं, हा फेडोरचा शहाणपणा. २००६ च्या शेवटी एकेचाळिसाव्या वर्षी स्खिल्टकडून सेमीफायनल हरून होस्ट थांबला आणि शिकवण्याकडे वळला. जपानमध्ये त्याच्या नावानं ‘होस्ट कप’च्या स्पर्धाही भरू लागल्या.

तुम्ही स्वतः शिकत असाल तर हेच जोडीदाराबरोबर, ग्लोव्ह्ज आणि शिनगार्ड (नडगीचं कवच) घालून, आलटून पालटून करा. डच जिममध्ये नुसत्या पॅडपेक्षा यावर भर असतो, कारण किक खाणाऱ्यालाही आपलं वजन कुठे फसलं ते कळतं. आणि पाहायचीच असेल तर सेफोविरुद्धची २००० ची फायनल पाहा. क्रो कॉप साउथपॉ (डावखुऱ्या पवित्र्याचा), त्याचा उजवा पाय पुढे असतो, त्यामुळे त्याच्याविरुद्धच्या १९९९ च्या फायनलमध्ये हे गणित असंच्या असं सापडणार नाही.