जूनमध्ये ऑलेसुंदला जाताना

प्रश्न: ताई, जूनच्या पहिल्या आठवड्यात आईला घेऊन नॉर्वेत ऑलेसुंदला चाललोय. दोन दिवस पुरतील ना? आणि कपडे काय न्यायचे?

उत्तर: तीन दिवस ठेवाच, कारण एक दिवस हमखास पावसात जातो. जून असला तरी पारा साधारण १०-१५ च्या आसपास, त्यामुळे स्वेटर, वर वॉटरप्रूफ जॅकेट, आणि छत्रीच्या भरवशावर अजिबात राहू नका, वाऱ्यात ती टिकत नाही.

जानेवारी १९०४ मध्ये एका रात्रीत हे लाकडी गाव जळून गेलं, हजारो लोक भर थंडीत बेघर झाले आणि मग तीनेक वर्षांत दगड-विटांचं नवं गाव उभं राहिलं, सगळं त्या काळच्या आर्ट नूवो, म्हणजे वळणदार रेषा आणि वेलबुट्टीच्या शैलीत, म्हणून दारं, मनोरे, खिडक्यांवरची नक्षी मान वर करून बघत हळूहळू फिरा, मला तरी हेच सगळ्यात आवडतं. वरून सगळं गाव दिसतं त्या आक्सला टेकडीला ४१८ पायऱ्या आहेत, पण आईंना चढवू नका, गाडी वर जाते. सूर्य रात्री अकराच्या सुमारास मावळतो, त्यामुळे जेवून निवांत टेकडीवर जा. पफिन, म्हणजे रंगीत चोचीचे समुद्रपक्षी, बघायचे तर रुंदे बेट, ते संध्याकाळी घरट्यांकडे परततात. आणि हो, झोपताना डोळ्यांवर पट्टी हवीच, पूर्ण अंधार होतच नाही.