खटका दाबल्यावर आत काय होतं?

गेल्या महिन्यात या सदरात घडीच्या चाकूला धार कशी लावायची ते लिहिलं, तर पत्रं आली ती बहुतेक भलत्याच चाकूबद्दल. बटण दाबलं की खट्कन उघडणाऱ्या. मुंबईत कुणी त्याला रामपुरी म्हणतं, कुणी खटक्याचा चाकू, कॉलेजातली मुलं नुसतं 'ऑटो' म्हणतात. चाळीस वर्षं टूलरूममध्ये डाय आणि स्प्रिंगांशी झटापट केल्यामुळे मला या विषयाची गोडी आहे, हे कबूल करतो. पण गोडी वेगळी आणि शिफारस वेगळी. निवडक पत्रं घेतो.

प्रश्न : मी डिप्लोमाला आहे, परळला राहतो. यात बॅटरी नाही, मोटर नाही. मग पातं एवढ्या जोरात उघडायला ताकद येते कुठून?

तुमच्याच हातातून, फक्त आदल्या वेळच्या. चाकू बंद करताना तुम्ही पातं स्प्रिंगच्या विरुद्ध ढकलता, तेव्हाच ती आवळली जाते. आजोबा भिंतीवरच्या घड्याळाला चावी द्यायचे, तोच प्रकार. घड्याळ ती चावी आठवडाभर पुरवून खर्च करतं, चाकू एका झटक्यात उधळून टाकतो.

आता आतलं बघा. पात्याचा जो भाग मुठीत राहतो त्याच्या कडेला दोन खाचा असतात. बटण म्हणून जे दिसतं ते एका छोट्या दांड्याचं टोक. हा दांडा एका जागी जाड, एका जागी बारीक. चाकू बंद असताना जाड भाग पहिल्या खाचेत अडकून बसलेला असतो. बटण दाबलं की खाचेसमोर बारीक भाग येतो, वाट मोकळी होते, पातं गर्रकन फिरतं आणि मुठीतल्या आडव्या पिनेवर आपटून थांबतं. बटणाखाली आणखी एक चिमुकली स्प्रिंग असते, ती दांड्याला परत वर लोटते आणि जाड भाग दुसऱ्या खाचेत शिरतो. झालं कुलूप. बंद करताना तेच बटण दाबून धरायचं आणि पातं हाताने मिटायचं.

मुख्य स्प्रिंग दोन तऱ्हेची. जुन्या चाकूंत पोलादी पट्टी असायची, ती वाकून पात्याला रेटायची. न्यूयॉर्कच्या जॉर्ज श्रेड यांनी 1890च्या दशकात बटणाच्या चाकूचं पेटंट घेतलं, त्या काळापासून पट्टीचीच चलती होती. इटलीतल्या मानियागो गावचे लांब, निमुळते स्टिलेटोही पट्टीवरच चालत. हल्लीच्या चाकूंत पातं ज्या खिळ्यावर फिरतं, त्याच्याभोवती गुंडाळलेली स्प्रिंग असते. कामाचा फरक हा की पट्टी एकाच ठिकाणी वाकते, गुंडाळीत तो ताण सगळ्या वेढ्यांत वाटला जातो.

ऐंशीच्या दशकात बोटीवर काम करणाऱ्या माझगावच्या एका शेजाऱ्याने असाच एक स्टिलेटो माझ्याकडे आणला होता. पातं चकचकीत, मूठ शिंगाची आणि बटण दाबलं तर काहीच नाही. खोलला तर पट्टी बरोबर रिव्हेटच्या भोकापाशी तुटलेली. ताण नेमका तिथेच साचतो. शेजारी म्हणाला, "अरे, मी तर कधी काही कापलंसुद्धा नाही याने." मी विचारलं, मग करत काय होतास? म्हणाला, "उघडत होतो नि मिटत होतो." हे चाकू बहुधा असेच मरतात. प्रत्येक उघडणं म्हणजे त्या पिनेवर हातोडीचा एक छोटा घाव. स्प्रिंग टिकली तरी खिळा ढिला होतो आणि पातं डुलायला लागतं.

प्रश्न : मावसभावाने परदेशातून असा चाकू आणून दिला ज्याचं पातं मुठीच्या तोंडातून सरळ पुढे येतं. दोन महिने मस्त चालला. आता कधीकधी अर्ध्यावरच थांबतं आणि पातं सैल लोंबतं. बिघडला का? (बोरिवली)

बिघडला नाही, रुळावरून घसरलाय. आपल्या लोकलवाल्यांना ही भाषा लगेच कळेल.

तुमचा चाकू बहुधा दुहेरी चालीचा आहे, म्हणजे अंगठ्याची तीच पट्टी पुढे सरकवली की उघडतो आणि मागे ओढली की मिटतो. याची रचना आधीच्या चाकूपेक्षा पार निराळी. आधीच्या चाकूत स्प्रिंग खिशातही चोवीस तास आवळलेलीच असते. तुमच्या चाकूत ती मिटलेल्या अवस्थेत जवळजवळ निवांत असते. तुम्ही अंगठ्याने पट्टी पुढे रेटता तेव्हा स्प्रिंग ताणली जाते, पण पात्याला मागच्या खिटीने धरून ठेवलेलं असतं. पट्टी शेवटाला पोचली की खिटी निसटते आणि पातं सुटतं. म्हणूनच अंगठ्याला एवढा जोर लागतो, आणि म्हणूनच असा चाकू खिशात आपोआप उघडण्याची भीती कमी.

गंमत पुढे आहे. स्प्रिंग पात्याला शेवटपर्यंत नेत नाही. ती फक्त सुरुवातीला धक्का देते, उरलेलं अंतर पातं स्वतःच्या वेगावर कापतं आणि पुढच्या खिटीत जाऊन अडकतं. वाटेत जरा अडथळा आला, कापड आडवं आलं, आत कचरा साचला, की वेग मरतो आणि पातं दोन्ही खिट्यांच्या मधे अधांतरी राहतं. पात्याच्या दोन्ही सपाट बाजूंना चिमटीत धरून, धारेला बोट न लावता, ते हळूच पुढे ओढा. टिक् असा आवाज आला की खिटीत बसलं. सिनेमात हे पातं बटण दाबताच एखाद्यात आरपार जातं. खऱ्या चाकूला जाड कापडसुद्धा अडवू शकतं. मात्र तुमचं बोट अडथळा म्हणून पुढे करू नका, टोक टोकच असतं.

वारंवार होत असेल तर आत खिशातला कापूस आणि चिकटा साचलाय. फळं कापली होतीत का? आंब्याचा रस लागलेलं पातं मिटलंत तर तो रस पात्याबरोबर मुठीत जातो आणि तिथेच सुकतो. घडीचा चाकू नळाखाली धरता येतो, हा तसा धुता येत नाही. लायटरमध्ये भरतात ते पेट्रोल दोन-चार थेंब तोंडातून आत सोडा, पाच-दहा वेळा उघडमीट करा, हवेचा फवारा मारा आणि पूर्ण सुकू द्या. हे खिडकीशी बसून, गॅस आणि काडीपेटीपासून लांब करायचं. पातं उघडल्यावर थोडं हलतं, त्याची काळजी नको. सरकायला जागा ठेवावीच लागते, नाहीतर ते चालणारच नाही. पण नेमक्या त्या हलण्यामुळे जोर लावून कापायच्या कामाला हा चाकू बरा नाही.

प्रश्न : आमचा डोंबिवलीचा ट्रेकिंग ग्रुप आहे. एका हाताने उघडता येतो म्हणून ऑटो घ्यावा का?

एका हाताने उघडणं हा खरा फायदा आहे, त्याला मी नाही म्हणणार नाही. दुसऱ्या हातात दोर असेल, कातळावरची पकड असेल, तर नखाने पातं ओढत बसायला वेळ नसतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी छत्रीधारी सैनिकांना बटणाचा एम-2 चाकू दिला होता तो याच हिशेबाने. छत्री झाडात अडकली, एक हात गुंतला, तर दुसऱ्याने दोऱ्या कापायच्या. जर्मनांचा चाकू तर स्प्रिंगशिवाय चालायचा. कळ दाबून मुठीचं तोंड खाली केलं की पातं स्वतःच्या वजनाने बाहेर यायचं.

पण एका हाताने उघडायला स्प्रिंगच हवी असं कुणी सांगितलं? पात्याला अंगठ्यासाठी खुंटी किंवा भोक असलेले साधे चाकू मिळतात. सवय झाली की ते खटक्याच्या चाकूइतकेच पटकन उघडतात. फरक राहिलाच तर डोळ्याची पापणी लवेल एवढा, आणि राजमाचीच्या वाटेवर तेवढ्याने कुणाचं अडत नाही. मधला एक प्रकारही आहे, मदतीच्या स्प्रिंगचा. यात बटण नसतं. सुरुवातीला स्प्रिंग पातं मिटलेलंच ठेवते, तुम्ही बोटाने ते थोडं ढकललंत की मग स्प्रिंग बाजू बदलते आणि पुढचं काम करते. हा प्रकार अमेरिकेत केन ओनियन यांच्या रचनेमुळे गाजला. 2009 मध्ये तिथल्या केंद्रीय कायद्याने तो खटक्याच्या चाकूंतून वगळलाही.

सह्याद्रीत पावसाळ्यात चिखल, बारीक माती, सतत ओल. जितके सुटे भाग, तितकी माती अडकायची ठिकाणं. त्यात थंडीने बोटं आखडली असताना खटक्याचा चाकू मिटणं म्हणजे स्प्रिंगशी कुस्ती. उघडताना अपघात क्वचित होतो, मिटताना होतो. मी तुमच्या जागी असतो तर म्यानातला चार इंची साधा चाकू सॅकमध्ये टाकला असता. त्यात बिघडायला काही नाहीच.

प्रश्न : अर्धांगवायूनंतर डावा हात कामाचा राहिला नाही. भाजीची जुडी, औषधाचं पाकीट, कुरिअरचं खोकं, सगळ्यासाठी सुनेला हाक मारावी लागते. बटणाचा चाकू माझ्या उपयोगाचा आहे का? (गिरगाव)

काका, या चाकूची खरी गरज कुणाला असेल तर ती तुम्हाला. अमेरिकेने 1958 मध्ये राज्याराज्यांमधल्या खटक्याच्या चाकूंच्या व्यापारावर बंदी घातली, तेव्हा कायद्यात एक अपवाद लिहून ठेवला. ज्याला एकच हात आहे त्याने तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा असा चाकू जवळ बाळगायला हरकत नाही. तो कायदा करणाऱ्यांनाही तुमच्यासारखा माणूस दिसला होता.

तरी घाई करू नका. कडेने उघडणारा बटणाचा चाकू एका हाताने उघडतो खरा, पण मिटताना बटण दाबून धरायचं आणि त्याच वेळी पातं स्प्रिंगच्या विरुद्ध रेटायचं, म्हणजे दोन हातांचं काम. काहीजण मांडीवर दाबून मिटतात, तसं अजिबात करू नका. एका हाताने उघडणारा आणि मिटणाराही म्हणजे बोरिवलीकरांकडे आहे तो, पण त्याला अंगठ्याचा जोर लागतो.

घरात बसून करायच्या कामाला खिशातला चाकूच कशाला? जुडीसाठी आपली विळी आहे, पायाखाली दाबली की एक हात पुरतो, जमिनीवर बसता येत असेल तर. नसेल तर टेबलाच्या कडेला क्लॅम्पने पक्की बसवलेली छोटी कात्री किंवा पातं, त्यावर पाकीट ओढायचं. क्लॅम्प लोहार चाळीत किंवा नागदेवी स्ट्रीटला सहज मिळेल. खोक्याच्या चिकटपट्टीला पातं आपोआप आत जाणारा कटर घ्या, अंगठा सोडला की धार मुठीत. इथे स्प्रिंग उलट्या दिशेने कामाला लावलीय, आणि माझ्या मते स्प्रिंगचा याहून शहाणा उपयोग नाही.

प्रश्न : मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. 'फक्त कलेक्शन' म्हणून त्याने बटणाचा चाकू मागवला आणि तो बॅगेत घेऊन कॉलेजला जातो. कायदा काय म्हणतो? (ठाणे)

ताई, आधी तो चाकू बॅगेतून काढून कपाटात ठेवायला लावा, मग पुढचं वाचा. मी वकील नाही, पण इतकं माहीत आहे. केंद्राच्या 2016 च्या शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचे चाकू धारदार शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि कारखान्यातल्या कामासाठीचे वगळून. मुलगा हेच मोजमाप दाखवून म्हणेल, माझा तर तीनच इंचांचा. दिल्लीत 1980 च्या अधिसूचनेने स्प्रिंगवर, बटणावर किंवा गरारीवर (म्हणजे दात्यांवर) उघडणाऱ्या चाकूंसाठी मर्यादा थेट 7.62 सेंटिमीटर लांबी आणि 1.72 सेंटिमीटर रुंदीवर आणली. तिथे तीन इंच पुरे होतात.

आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम 37 आहे. त्याखाली पोलीस ठरावीक काळासाठी चाकू, तलवारी, लाठ्या घेऊन सार्वजनिक ठिकाणी फिरायला मनाई करू शकतात, आणि असे आदेश इथे वरचेवर निघतात. आज आदेश लागू आहे की नाही, हे तुमच्या मुलाला सकाळी कॉलेजला निघताना ठाऊक असतं का? मेट्रोच्या स्कॅनरवर बॅग गेली की 'कलेक्शन' हा शब्द फारसा कामाला येत नाही. आणि बाहेर शिकायला जायचं मनात असेल तर ब्रिटनमध्ये असा चाकू विकायला 1959 पासून बंदी आहे, 2021 पासून घरात ठेवायलाही.

रागावू नका त्याच्यावर. तो आवाज, तो झटका, त्या वयात हाताला चाळा लागतोच. आमच्या टूलरूममध्ये एकाला बॉलपेनची टिकटिक करायचं वेड होतं, त्यालाही कंटाळून आम्ही पेन्सिल दिली होती.

प्रश्न : जुन्या हिंदी सिनेमातला चाकू उघडताना कर्र-कर्र-कर्र आवाज यायचा. बटणाचा तर एकदाच खट् होतो. मग तो कुठला? (लालबाग)

तो गरारीचा. त्यात उघडायला स्प्रिंग नसते, हातानेच उघडतात. पात्याच्या बुडाला दाते असतात, पाठीची कमान एकेका दात्यावरून उडी मारते, म्हणून तो आवाज. स्पेनच्या नवाखा चाकूंतही हेच आहे. उत्तर प्रदेशातल्या रामपूरला दोन्ही प्रकार बनत आले. 2023 मध्ये तिथे चौकात सुमारे वीस फुटी चाकू उभारलाय. तेवढ्याला परवाना कोणी मागत नसावं.

प्रश्न : पावसाळ्यात स्प्रिंगला खोबरेल तेल लावलं तर चालेल? (वसई)

नको. महिनाभरात त्याचा चिकटा होतो आणि त्यावर धूळ बसते. घडीच्या चाकूला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, खिळ्यापाशी. समोरून उघडणाऱ्याला तेलच नको, सुकणारं टेफ्लॉनचं वंगण द्या. तुम्ही समुद्राजवळ राहता म्हणून सांगतो, पातं स्टेनलेस असलं तरी आतली स्प्रिंग आणि स्क्रू तसे असतीलच असं नाही. गंज आधी तिथे धरतो, आणि तिथे तो दिसत नाही. चामड्याच्या म्यानात तर ठेवूच नका, चामडं ओल धरून बसतं.