दुर्गेशनंदिनी स्टेजवर आणताना

अगं,

तुझा ड्राफ्ट ठाणे-पनवेल लोकलमध्ये वाचायला घेतला तो नेरूळ यायच्या आत संपला. बंकिमचंद्रांच्या 'दुर्गेशनंदिनी'ला हात घातलास याचा मला खूप आनंद झालाय, आजकाल एकांकिकेवाले तिकडे फिरकतच नाहीत. पण तू प्रत्येक प्रकरणाचा एकेक सीन केलायस आणि उरलेलं सगळं निवेदकाच्या तोंडी टाकलंयस, त्यात नाटक कुठे राहिलं सांग.

कादंबरी १८६५ ची, आणि १८७३ मध्ये कलकत्त्याच्या बेंगॉल थिएटरने ती रंगमंचावर आणली. कादंबरी सुरूच होते विष्णुपूरहून मंदारणकडे निघालेल्या एकट्या घोडेस्वारापासून, तर तो घोडेस्वार म्हणजे नायक जगतसिंह झालेले शरच्चंद्र घोष खराखुरा घोडा घेऊन स्टेजवर आले! म्हणजे पहिलं पानच त्यांनी लोकांसमोर उभं केलं. त्याच वर्षी या थिएटरने बायकांच्या भूमिकांना बायका घेतल्या होत्या, आपल्याकडे त्यानंतरही कितीतरी वर्षं पुरुषच लुगडं नेसून उभे राहायचे. पुढे विनोदिनी दासी या नटीने याच नाटकात पठाणांची आयेशाही केली आणि नायिका तिलोत्तमाही. तुला घोडा मिळणार नाही, पण दोन करवंट्या आणि विंगेतून वाढत जाणाऱ्या टापा तर मिळतील ना.

दुसरं म्हणजे तू जगतसिंहाला इंग्रजांवर निशाणा असलेलं भाषण दिलंयस, ते काढ. तो मानसिंहाचा मुलगा, अकबराच्या बाजूने लढणारा, त्याच्या तोंडी स्वातंत्र्य शोभत नाही. प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीवरून झालेलं एक प्रहसन सरकारला झोंबलं आणि १८७६ मध्ये नाटकं बंद पाडायचा कायदाच आला, त्यानंतर लोक पुराणातल्या, इतिहासातल्या गोष्टींतून राजकारण बोलायला लागले. आपल्या खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ चं, नाटकात व्हाइसरॉय कर्झनचं नावसुद्धा नाही तरी प्रेक्षकांना कीचकात तोच दिसला आणि १९१० मध्ये बंदी आली. अर्थ प्रेक्षकाने लावला होता गं, तू त्याच्यासाठी आधीच लावून ठेवू नकोस. आणि जगतसिंहाचे शत्रू पठाण म्हणजे व्हिलन असंही रंगवू नको, पठाणांच्या कतलू खानाची मुलगी आयेशा हीच त्या कादंबरीतली सगळ्यात मोठ्या मनाची बाई आहे, जखमी शत्रूची सेवा तीच करते.

शेवटी आयेशा विषाची अंगठी खंदकात टाकते. वाचताना काळीज हलतं, पण गडकरी रंगायतनच्या शेवटच्या रांगेतून अंगठी दिसणार कशी? तू तिथे दीड पानाचं स्वगत लिहिलंयस. ते सगळं काढ आणि फक्त तिचा हात, थांबणं, आणि पाण्याचा आवाज एवढ्यावर एकदा करून बघ, रविवारी तालमीला मी मागे बसतो आणि मला काय दिसलं ते सांगतो.