कणसूर, कणस्वर आणि श्रुती

नाशिकच्या एका वाचकांनी विचारले आहे की, पंचवटीतल्या गाण्याच्या वर्गात ‘गंधार कणसूर लागतोय’ असे ऐकावे लागते. तर कणसूर म्हणजेच कणस्वर का, आणि तो श्रुतीएवढा, म्हणजे संगीतशास्त्रातल्या सूक्ष्म स्वरांतराएवढा, असतो का?

घटक पाहिले तर दोन्ही शब्द एकच, कारण ‘सूर’ हे ‘स्वर’चेच तद्भव रूप आहे, अर्थ मात्र पार वेगळे. मुख्य स्वराला लागताना शेजारच्या स्वराचा जो ओझरता स्पर्श होतो तो कणस्वर, आणि तो अलंकार आहे. कणसूर हा दोष आहे. ‘बेसूर’मधला फारसी ‘बे’ सूर नाहीच म्हणतो, तर इथला ‘कण’, माझ्या मते, सूर कणभरच हुकल्याचे सांगतो. सूर किती चुकला हे हा शब्द सांगतो, कोणत्या दिशेने चुकला हे सांगत नाही. म्हणून ‘उतरलाय’ की ‘चढलाय’ हे गुरुजींना वेगळे सांगावे लागते.

हा कण ऐकायचा असेल तर तंबोऱ्याची जोड, म्हणजे षड्जाच्या (सा) मधल्या दोन तारा, मिळवताना शेजारी बसावे. एक तार सेकंदाला २४० कंपनांवर आणि दुसरी २४२ वर असली, तर नादाला सेकंदाला दोन हेलकावे येतात. मणका हळूहळू योग्य बाजूला सरकवला की ते मंदावतात आणि तारा मिळाल्या की थांबतात. नाट्यशास्त्रात भरताने दोन वीणांच्या प्रयोगातून दाखवलेली प्रमाणश्रुती आधुनिक अभ्यासक सामान्यतः ८१:८० अशी मानतात, म्हणजे २४० वरून २४३. आपली २४२ ची तार तिथवरही पोचलेली नाही, तरी ती कानाला खुपते. तेव्हा श्रुती हे शास्त्राने मोजलेले अंतर आहे आणि कणसूर हा कानाने दिलेला शेरा आहे. एकाच्या जागी दुसरा शब्द वापरता येणार नाही.

प्रश्नातल्या गंधाराबद्दल मात्र मला पेटीचा संशय येतो. षड्ज २४० धरला तर तंबोऱ्याच्या खर्जातून, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाच्या तारेतून, उमटणारा गंधार ३०० च्या पटीत जुळतो, आणि समान अंतरांच्या पट्ट्या लावलेल्या पेटीचा गंधार सुमारे ३०२.४ वर असतो. पेटीवर गळा घोटवलेला विद्यार्थी तंबोऱ्यापुढे बसला की त्याचा गंधार चढाच वाटणार, आणि त्यात बिचाऱ्या गळ्याचा दोष थोडाच!

लिहिताना ‘कणसूर’मधला ‘सू’ दीर्घ, पण ‘कणसुरा आवाज’, ‘कणसुरे गाणे’ यांत ‘सु’ ऱ्हस्व.