एक प्रश्न आलाय: ब्रह्मदेशच्या थिबा राजाला माणिक भोवलं म्हणतात. मग आजीच्या जुन्या माणकाची अंगठी मी घालावी का?

रत्नागिरीत जन्म गेलेल्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. थिबा पॅलेस बघायला आलेला पाहुणा हेच ऐकून जातो: न्गा मौक नावाचं मोठं माणिक, ते ज्याला सापडलं त्याला राजानं बायकापोरांसकट जाळलं, आणि शेवटी थिबाचं राज्यही त्याच माणकानं खाल्लं.

राज्य माणकापायी नाही, सागवानापायी गेलं. थिबानं इंग्रजांच्या लाकूड कंपनीला जबर दंड ठोकला, वर फ्रेंचांशी बोलणी चालवली. इंग्रजांना निमित्तच हवं होतं. नोव्हेंबर १८८५ मध्ये त्याची राजधानी मंडाले पडली. माणिक कर्नल स्लेडन या इंग्रज अधिकाऱ्याकडे सांभाळायला दिलं होतं असं थिबा पुढे सांगत राहिला, पण ते परत काही मिळालं नाही. म्हणजे माणिक होतं तोवर तो राजा होता. ते हातचं गेलं आणि मग १८८६ पासून १९१६ मध्ये मरेपर्यंत रत्नागिरीत नजरकैद. शाप माणकाचा असता तर ते गेल्यावर सुटका व्हायला हवी होती!

‘होप’ नावाच्या प्रसिद्ध निळ्या हिऱ्याचंही तेच. तो भारतातून नेणाऱ्या टाव्हेर्निये या फ्रेंच व्यापाऱ्याला कुत्र्यांनी फाडलं म्हणतात. खरं तर टाव्हेर्निये ऐंशी ओलांडून मॉस्कोत वारला. त्या शापाला रंग चढवला पिअर कार्तिए या जवाहिऱ्यानं, एका श्रीमंत अमेरिकन बाईच्या गळ्यात हिरा मारण्यासाठी. १९११ मध्ये तिनं घेतलाही.

मला हा विषय झोंबतो तो माझ्या आत्यामुळे. अडचणीत असलेला थिबा दागिने विकायचा आणि ते गावातल्या सावकारांकडे जायचे, हे खरं आहे. त्यामुळे रत्नागिरीत कितीतरी घरांत एखादी वस्तू ‘थिबाकडची’ म्हणून दाखवतात. आमच्या आजीची माणकाची अंगठी त्यातलीच. आत्याच्या लग्नात आजीनं ती तिला दिली.

पुढे एकदा आत्या आणि तिचे यजमान आमच्याकडे आलेले असताना, भर पावसात, रात्री यजमानांच्या छातीत कळा यायला लागल्या. काकांची गाडी दारात उभी होती. काका म्हणाले, वात धरलाय, ओवा द्या, शेक द्या, उजाडल्यावर बघू. उजाडायच्या आत सगळं आटोपलं. तेराव्याला पडवीत माणसं बसलेली असताना काकाच म्हणाले, “त्या खड्यानं घराचं वाटोळं केलंन.” झालं. त्यानंतर गाडीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

खड्यावरचं बोलणं आत्यावर यायला वेळ लागला नाही. माझ्या ताईच्या साखरपुड्यात तिला मागच्या पडवीत विळीवर नारळ खवायला बसवलं होतं, आणि ओटी भरायच्या वेळी आतून दार लोटून घेतलं. मी तिथेच होते.

अंगठी काकांनी सोनाराकडे नेली. त्यानं सोन्याचे पैसे दिले आणि खडा पुडीत बांधून परत केला. भोवलेला खडा घेतो कोण? ती पुडी आत्यानं जपली. ती गेल्यावर माझ्याकडे आली, तेव्हा मी खडा मुंबईला प्रयोगशाळेत नेला. तिथल्या बाईंनी मला सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं. लाल रंगात बारीक, वळलेल्या रेषा, ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा, आणि मधेच हवेचे बुडबुडे. खाणीतल्या माणकात अशा वळलेल्या रेषा नसतात. हे भट्टीत घडवलेलं माणिक. ही रीत व्हर्नय नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९०२ मध्ये जाहीर केली. थिबा त्याआधीच राज्य गमावून रत्नागिरीत आला होता, मंडालेहून हा खडा तो आणणार कुठून?

अहवाल काकांपुढे ठेवला. “खडा खोटा असला तरी बाधतो,” म्हणाले. मग मी गाडी का काढली नाही ते विचारलं. उत्तर अजून आलेलं नाही. आणि खडा अस्सल, ब्रह्मदेशातल्या मोगोकच्या खाणीतला निघाला असता तरी मी हेच विचारलं असतं.

तेव्हा तुम्ही अंगठी घाला. घरात कोणी ‘आजीला ती लाभली नव्हती’ म्हणालं, तर नेमकं काय झालं होतं आणि त्या वेळी कोण काय करत होतं, ते सगळ्यांदेखत विचारा. आजीच्या वतीनं विचारा.

पत्रिका बघून खडा घालणाऱ्यांशी माझं भांडण नाही, माझी आईही बघते. फक्त कोंदण बदलायच्या आधी खडा तपासून घ्या, नुसत्या सोनाराच्या नजरेवर जाऊ नका. हल्ली चिरांमध्ये काच भरलेली माणकं सर्रास मिळतात, आणि तसा खडा सोनाराच्या आचेनं, तेजाबानं खराब होतो. आजीच्या काळातला खडा तसा असण्याची शक्यता कमी, पण मधल्या काळात कोणी बदलला नाही ना, हेही तपासणीत कळेल.